शिसं की सोमल

‘एक्स-रे’ हा शब्द आमच्या दारावरच्या पाटीवर होता, त्यामुळे लोक हातपाय पुढे करून येत. नांदेडच्या ज्या कॉलेजात मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्याच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून, एका लांबट खोलीत आमची क्ष-किरण प्रयोगशाळा होती. एकदा मुदखेडकडचे एक आजोबा सुजलेलं मनगट उपरण्यात बांधून आले आणि सरळ यंत्रासमोरच्या स्टुलावर बसले. मी म्हटलं, “बाबा, हा एक्स-रे माणसांचा नाही. इथं कोळसा तपासतात.” त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कामून? कोळशाचं काय मोडलं?”

प्रश्न रास्त होता. कोळसा म्हणजे गाडली गेलेली झाडं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण त्या झाडांसोबत जमिनीतलं बरंच काही गाडलं गेलेलं असतं. लोखंड, जस्त, तांबं, शिसं, कधी पारा, कधी सोमल म्हणजे आर्सेनिक. प्रमाण इतकं थोडं की डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. कोळसा जळतो तेव्हा कोळसा जातो, हे पाहुणे मात्र जळत नाहीत. काही धुरातून जातात, उरलेले राखेत जमा होतात. म्हणून कोळशापेक्षा राख जास्त वाईट असते. दुधापेक्षा खवा दाट, तसंच.

हे पाहुणे ओळखायचे कसे, हा माझा धंदा. कोळसा किंवा राख बारीक वाटायची, तिची वडी दाबून करायची आणि तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. प्रत्येक मूलद्रव्य त्यांना आपापल्या किरणांनी उत्तर देतं. लोखंडाचं उत्तर ठरलेलं, जस्ताचं ठरलेलं. समोरच्या पडद्यावर ती उत्तरं डोंगराच्या रांगेसारखी उमटतात. कुठलं शिखर कुठे उभं आहे यावरून कोण आहे ते कळतं, किती उंच आहे यावरून किती आहे ते कळतं. काही जाळावं लागत नाही, विरघळवावं लागत नाही. मला या कामात फार सुख होतं. अजूनही आठवलं की हात शिवशिवतात.

गिऱ्हाइकं मात्र एकेक यायची. भोकरचे एक पाटील विहीर खोदताना लागलेला काळा दगड पोत्यात घालून एसटीनं घेऊन आले होते. गावात कोळशाची खाण लागली म्हणून त्यांनी पेढे वाटले होते. मी वडी केली, पाहिलं. साधा काळा पाषाण, भरपूर लोखंड, बाकी काही नाही. मी तसं सांगितल्यावर त्यांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. मग हळूच म्हणाले, “बाई, तुमी कोळसा हाय असं नुसतं लिहून द्या. खोदायचं का न्हाई ते आमी बगू.” मी नाही म्हटलं. तेव्हा मला हसू आलं होतं. मी लिहिलेल्या कागदात एवढी ताकद असते असं वाटणारा तो माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा माणूस.

आमच्या यंत्राचा जीव एका नखाएवढ्या स्फटिकात होता, आणि तो स्फटिक सतत द्रव नायट्रोजनमध्ये थंड ठेवावा लागे. नांदेडमध्ये त्या काळी असला नायट्रोजन मिळायची एकच जागा होती, जनावरांचं कृत्रिम रेतन केंद्र. तिथे वळूंचं वीर्य त्यात गोठवून ठेवत. तिथले डॉक्टर मठपती माझ्याच गावचे, उदगीरचे. आमच्या वडिलांचं कापडाचं दुकान आणि त्यांच्या वडिलांचं किराणाचं, समोरासमोर. मला ते अक्का म्हणत. “अक्का, वळूचं झालं की उरलेलं तुमचं,” असा आमचा करार होता.

मग दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले पुढच्या वर्षी येईल, दुसऱ्या वर्षी काही म्हणेनासे झाले. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन वाळली. उपाशी गाई माजावर येईनात, त्यामुळे रेतन केंद्राचं काम जवळजवळ थांबलं आणि माझ्या यंत्राला हवा तेवढा नायट्रोजन मिळू लागला. आमची प्रयोगशाळा कधी नव्हे ती बिनखंड चालली ती दुष्काळाच्या कृपेनं. मठपती नायट्रोजनचा कॅन उतरवताना म्हणाले होते, “जनावरं मरून राहिलीत आन् तुमची चैन हाय, अक्का.” ते चिडून नव्हते बोलले. पण मला ते लागलं.

थोड्याच दिवसांत त्यांना निलंग्याकडच्या एका जनावरांच्या छावणीवर जादा कामासाठी पाठवलं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नवा जिल्हा म्हटल्यावर नव्या इमारती आल्या, इमारती म्हटल्यावर विटा. शेतात काम नव्हतं, माणूस स्वस्त होता, आणि आटलेल्या तळ्यांमध्ये विटेला लागणारा चिकण गाळ उघडा पडला होता. जागोजागी वीटभट्ट्या लागल्या. एका गावात तर भट्टी तळ्याच्या पोटातच लागली. गाळ तिथेच, माणसं तिथेच, खाली उतरायला मुरमाची उतरण तेवढी केली. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत.

एका दुपारी मठपती डॉक्टर निलंग्याहून एसटीनं थेट प्रयोगशाळेत आले. खांद्याला पिशवी, तोंडावर धूळ. पिशवीतून त्यांनी कोळशाचे दोन खडे, कागदात बांधलेली राख आणि पाण्याची बाटली काढली.

“त्या गावात बकऱ्या मरून राहिल्या, अक्का,” ते म्हणाले. “आधी जुलाब, मग मागचे पाय लुळे, मग खलास. छावणीतल्या गाईंना काही न्हाई. बकऱ्यांनाच.”

“बकऱ्या काय वेगळं खातात?”

“खात न्हाईत, चाटतात. भट्टीची राख टाकलीय तिथं ढिगावर पांढरा खार धरलाय. दुष्काळात जनावराला मीठ कुठलं? जाऊन चाटतात.” मग त्यांनी बाटली माझ्यापुढे सरकवली. “बकऱ्यांचं एक वेळ जाऊ द्या. बायका त्याच तळ्यात, त्या ढिगाच्या खालच्या अंगाला झिरे खोदून पाणी भरतात. हे पाणी तिथलंच हाय.”

मी कोळसा फोडला. आत पिवळ्या धातूसारखी चमचमणारी कणी होती. अशी कणी पाहून अडाणी माणूस सोनं म्हणतो. पण सोमल बहुतेक वेळा याच कणीत लपतो. मुदखेडच्या यार्डात वॅगनमधून उतरलेला, खाणीचं नाव कुणालाच सांगता न येणारा तो माल होता. चांगला कोळसा परवडेना म्हणून भट्टीवाल्यांनी उचललेला.

राखेची वडी यंत्रात ठेवली. वाचकांना इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचा सगळा प्रकार तिच्यावरच घडला. मूलद्रव्यांच्या या डोंगररांगेत निसर्गानं एक खोडी करून ठेवली आहे. शिशाचं मोठं शिखर आणि सोमलाचं मोठं शिखर एकाच जागी पडतं. नुसतं ते पाहून दोघांतलं कोण आहे हे सांगता येत नाही. पण दोघांच्याही सोबत एक दुसरं शिखर असतं. शिशाचं दुसरं शिखर उजवीकडे जरा लांब असतं आणि पहिल्याच्या जवळपास उंचीचं असतं. सोमलाचं जवळ असतं आणि बुटकं. तेव्हा मोठं शिखर शिशाचं असेल तर उजवीकडे त्याचा तेवढाच उंच जोडीदार दिसायलाच हवा.

पडद्यावर मोठं शिखर उभं राहिलं. मी उजवीकडे पाहिलं. जोडीदाराच्या जागी नुसता उंचवटा होता. म्हणजे थोडं शिसं होतं आणि बाकीचं सगळं सोमल. माझा विश्वास बसेना. मी शुद्ध शिशाचा नमुना लावला, शुद्ध सोमलाचा लावला, पुन्हा राख लावली. पाणी चिनी मातीच्या बशीत आटवून खाली राहिलेला थर तपासला. त्यातही तेच. रसायनशास्त्राच्या सरांना नमुना दिला. सोमल असेल तर ज्यावर पिवळा-तांबूस डाग पडतो असा एक कागद असतो. त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “मॅडम, हे पाणी कुणी पीत तर नाही ना?”

शनिवारी मी आणि मठपती त्या गावाला गेलो. तळ्यात उतरल्यावर पायाला भेगाळलेला गाळ लागला. मधोमध भट्टी धुमसत होती, शेजारी राखेचे ढीग, आणि ढिगांच्या उतारावर कमरेएवढ्या खड्ड्यांत बायका वाकून वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत होत्या. मठपतींनी एकीला हाक मारली. ती शेवंताबाई. चाळिशीची, उंच, काटक. तिच्या सगळ्या बकऱ्या गेल्या होत्या, एक पाठ, म्हणजे तरणी बकरी, तेवढी राहिली होती, तिला तिनं दाराशी बांधून ठेवलं होतं.

मी सांगितलं, “शेवंताबाई, या पाण्यात सोमल आहे. हे पिऊ नका.”

सोमल हा शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही. तिनं घागर खाली ठेवली.

“मंग कोणतं पिऊ?” तिनं विचारलं.

टँकर आठवड्यातून एकदा येई, तोही ठरल्या दिवशी येईच असं नाही. दुसरा झरा दोन गावं पलीकडे.

“बाई, तुमी लांबून आलाव,” ती म्हणाली, “तुमी सांगताव ते खरंच आसल. पर तानलेलं पोर रडाया लागलं की त्याला काय सांगू, सोमल हाय म्हणून?” तिनं घागर पुन्हा उचलली, पण पाणी ओतून टाकलं. मग घागरीत बघत उभी राहिली. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना माझे निष्कर्ष सांगितले. ते ऐकून कुणी हातातलं पाणी ओतून दिलेलं तेव्हाच पाहिलं.

मी अहवाल लिहिला. त्यात सोमल आहे हे लिहिलं, किती आहे ते लिहिलं, झिऱ्यांचं पाणी बंद करावं, राख उचलावी असंही लिहिलं. आणि एक वाक्य लिहिलं, की नमुन्यात थोडं शिसंही आढळलं. ते खरं होतं म्हणून लिहिलं. आज पुन्हा लिहायची वेळ आली तरी लिहीन. पण त्या वाक्यानं आमचा घात केला.

ज्या इमारतीसाठी त्या विटा जात होत्या तिच्या कामावर देखरेख करणारे एक साहेब होते. त्यांचं नाव, खातं काही सांगत नाही. आता ते हयात नाहीत आणि त्यांच्यासारखे फार आहेत. मी सरकारात पाठवलेला अहवाल फिरत त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडे मत मागवायला पाठवला. तज्ज्ञांनी राख मागवली नाही, पाणी मागवलं नाही. अहवालाला जोडलेला आलेख पाहून त्यांनी कळवलं की हे शिखर शिशाचंही असू शकतं, लहान गावांतल्या प्रयोगशाळांकडून अशी गफलत होते, आणि शिसं पेट्रोलच्या धुरामुळे सगळीकडेच सापडतं.

बैठक झाली. आम्ही दोघं, साहेब, भट्टीचे मालक. मालकांना सगळे अण्णा म्हणत. पांढरे कपडे, गळ्यात लिंग, मृदू आवाज. त्यांनी मला नमस्कार केला आणि आमच्या उदगीरच्या दुकानाची चौकशी केली. वडील गेल्याचं त्यांना माहीत होतं, हळहळले.

साहेबांनी विचारलं, “मॅडम, एकच सांगा. त्यात शिसं आहे की नाही?”

“थोडं आहे, पण—”

“म्हणजे आहे. आणि शिसं तर गाड्यांच्या धुरातही असतं म्हणतात. मग मी काय रस्त्यावरच्या गाड्या बंद करू?”

“साहेब, हे सोमल आहे. शिशाचं दुसरं शिखर इथं असायला हवं होतं, ते नाही. हे बघा.” मी आलेख त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी त्याच्यावर चहाची बशी ठेवली. मुद्दाम नव्हे. जागा दिसली म्हणून.

“रसायनशास्त्राच्या विभागानंही तपासलंय,” मी म्हटलं. “कागदावर डाग पडला.”

“डाग,” साहेब म्हणाले.

मग मी जरा आवाज चढवला. “बरं, शिसं धरा. शिसंही विषच असतं, साहेब. शिसं असलं तरी ते पाणी माणसानं प्यायचं नाही.”

मला वाटलं, आता तरी. साहेबांनी कपाळावरून हात फिरवला आणि अगदी मनापासून, मला समजावत, म्हणाले, “पण तुमचा अहवाल सोमल म्हणतो. तज्ज्ञ शिसं म्हणतात. कोणतं विष आहे हेच नक्की नसेल तर मी कारवाई कशावर करू?”

मठपती डॉक्टर तेवढ्यात उठून उभे राहिले. “साहेब, मी एक बाटली आणलीय त्या पाण्याची,” ते म्हणाले. “शिसं आसो का सोमल, तुमी एक घोट घ्या.” साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी समजले, हे प्रकरण आता पाण्याचं राहिलं नाही, या वाक्याचं झालं. अण्णा खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेबांचा राग बरोबर हाय. पर माज्या भट्टीवर दुष्काळात गावचीच माणसं पोट भरून राहिली. भट्टी बंद केली तर त्यांनी काय खायाचं?” हे खोटं नव्हतं, हेच त्यातलं वाईट. शेवंताबाईचा थोरला मुलगा त्याच भट्टीवर विटा वाहत होता.

नमुने तिसऱ्या ठिकाणी पाठवायचं ठरलं. ते गेले की नाही, मला कधी कळलं नाही.

गावात उलट्या सुरू झाल्या होत्या. दवाखान्यात ‘दूषित पाणी’ एवढंच लिहून गोळ्या देत. बायकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. मठपती जमेल तसं छावणीच्या टँकरमधलं पाणी त्या गावाला वळवत, त्याबद्दल त्यांना खुलासाही द्यावा लागला. मी दर रविवारी जायचे, झिऱ्यांचं पाणी आणायचे, तपासायचे. आकडा वाढत होता. तो कुणाला सांगायचा हे मला कळत नव्हतं. वर्गात पोरांना शिखरांची गंमत शिकवताना माझा आवाज मलाच परका वाटायचा.

एका सकाळी मी गेले तर तळ्याच्या काठावर गर्दी. गावातल्या बायका रोजगार हमीच्या कामावरची टिकाव-फावडी घेऊन आल्या होत्या आणि ट्रक खाली उतरायची मुरमाची उतरण खणून काढत होत्या. शेवंताबाई सगळ्यांत पुढे. तिला टिकाव नीट धरता येत नव्हता, सारखा सटकत होता. तिनं लुगड्याच्या धडप्यानं तो हाताला बांधून घेतला होता. भट्टीवरची माणसं उभी राहून बघत होती. त्यांत तिचा मुलगाही होता. तो अडवायलाही आला नाही आणि हातभार लावायलाही. उतरण फुटली. विटांनी भरलेला ट्रक तळ्यातच अडकला.

दुपारच्या आत जीप आली. साहेब उतरले, सोबत पोलीस. इतके महिने ज्यांना यायला सवड झाली नव्हती ते विटा अडकल्यावर आले.

“रस्ता कुणी तोडला?” साहेबांनी विचारलं.

“आमी,” शेवंताबाई म्हणाली. “बकऱ्या मेल्या तवा इचारायला आला न्हाईत. लेकरं वकायला लागली तवा आला न्हाईत. आता आलाव तर खाली उतरा, झिरा दावते.”

साहेब उतरले नाहीत. उतरणच राहिली नव्हती. त्यांनी मला गर्दीत पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं लोकांना भडकवावं?” मी तिथेच सर्वांसमोर म्हटलं, “मी यांना पाण्यात काय आहे ते सांगितलं. तुम्हालाही तेच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं.” माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत धीट वाक्य. त्यानं काही झालं नाही.

बायकांना दिवसभर ठाण्यात बसवून संध्याकाळी समज देऊन सोडलं. अण्णांनी मोठ्या मनानं उतरण तोडल्याची तक्रार मागे घेतली आणि भट्टी हलवली. गावाच्या भावनांचा मान राखला म्हणून त्यांचा सत्कार झाला, हार घालून. भट्टी हलली ती पलीकडच्या गावच्या कोरड्या तळ्यात. तोच कोळसा, तशीच उतरण. राख मात्र इथेच राहिली. ती कुणी उचलायची हे कुणीच ठरवेना, तेव्हा त्याच बायकांनी ती घमेल्यांनी माळावर नेऊन टाकली. मी ओरडले, नुसत्या हातांनी उचलू नका, फडकी बांधा. शेवंताबाई म्हणाली, “फडकं आसतं तर अंगावर घातलं आस्तं, बाई.” निम्मी राख निघाली. पुढे पाऊस झाला आणि उरलेल्या राखेवर तळं भरलं. गावानं देवीला नारळ फोडले.

मठपती डॉक्टरांची लांब डोंगरी भागात बदली झाली. कारण लिहिलेलं नव्हतं, बदलीला ते लागत नाही. जाताना ते प्रयोगशाळेत येऊन बसले. “अक्का, मी ती बाटली उगंच काढली,” म्हणाले. मी म्हटलं, “नाही डॉक्टर, तेवढंच खरं बोलणं झालं त्या खोलीत.” त्यांच्या जागी आलेल्यांनी सांगितलं की सरकारी नायट्रोजन वळूंसाठी आहे. काही आठवडे मी हैदराबादहून आणवला. मग एका उन्हाळ्यात वेळेवर आला नाही, स्फटिक तापला आणि यंत्र आंधळं झालं. दुरुस्तीचा प्रस्ताव मी पुष्कळदा पाठवला. शेवटी त्या खोलीत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला लागले. त्यानंतर मी फळा आणि खडू एवढ्यावरच शिकवलं.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एका परिषदेला गेले होते. चहाच्या सुट्टीत एक वृद्ध गृहस्थ माझ्या छातीवरचं नाव वाचून जवळ आले. तेच तज्ज्ञ. फार सौजन्यानं बोलले. “तुम्ही निलंग्याकडच्या कोळशाचं काम केलं होतं ना? बरोबर होतं तुमचं. आमच्याकडे तो कोळसा नंतर दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी आला होता, तेव्हा पाहिलं. आर्सेनिकच होतं.”

“कधी पाहिलंत?”

ते आठवू लागले. “झाली की बरीच वर्षं.”

“मग कळवलं का नाही?”

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. “कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले, आणि मला बिस्किटांची बशी पुढे केली.

मी परतले ती नांदेडला न थांबता निलंग्याची एसटी धरून त्या गावाला गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्यांना सांगावं असे दोघंच होते. मठपती डॉक्टर त्या डोंगराकडेच वारले होते.

शेवंताबाई ओट्यावर बसली होती. इतक्या वर्षांनी मला तिनं आवाजावरून ओळखलं. तळहात कडक झाले होते, त्यांच्यावर ज्वारीच्या दाण्यांसारखे बारीक उंचवटे, बोटं आत वळलेली. सून सांगू लागली, “परवा चुलीवरचा तवा उघड्या हातानं उचलला वो बाई यांनी. मी बोंबलले, तवा यांना कळलं. कातडं निघालं सारं.”

“हात हाय,” शेवंताबाई म्हणाली, “पर माजा न्हाई.”

मी म्हटलं, “शेवंताबाई, ते कबूल झाले. सोमलच होतं. मी सांगितलं ते खरं होतं.”

तिला वाईट वाटलं ते माझ्यासाठी, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“आमाला ठाव हुतं की, बाई,” ती म्हणाली. “तुमी तवाच सांगितलं हुतं.” मग सुनेला म्हणाली, “बाईला च्या टाक.”

सुनेनं दोन स्टीलचे पेले आणून ठेवले. शेवंताबाईनं आपला पेला दोन्ही मनगटांच्या मधे धरून उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

“लई गरम हाय का वो, बाई?” तिनं विचारलं. “बगा बरं. मला न्हाई कळत.”

मी पेल्याला बोट लावलं.

“गरम आहे,” मी म्हटलं. “थांबा जरा.”